म्युझिक व्हिडिओचे संकेत आणि वऱ्हाडातील प्रेक्षक : विद्यार्थ्यांच्या माध्यमप्रकल्पांच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश :
पदवी स्तरावरील माध्यमप्रकल्पांत म्युझिक व्हिडिओ हा विषय विद्यार्थी आवडीने निवडतात. अशा प्रकल्पाच्या संशोधनाचे दोन भाग असतात : व्हिडिओच्या संकेतांचा अभ्यास आणि त्याच्या प्रेक्षकांचा अभ्यास. पहिला भाग पाश्चात्त्य अभ्यासकांच्या नावावर चालणाऱ्या मुद्द्यांच्या यादीवर आणि दुसरा भाग प्रश्नावलीतून निघणाऱ्या टक्केवारीवर उरकला जातो. या दोन्ही साधनांची मर्यादा अमरावती-अकोला परिसरातील गीतव्यवहाराच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे. संकेत हा प्रेक्षकाच्या जगण्यातून अर्थ घेतो; म्हणून संकेत आणि प्रेक्षक ही दोन स्वतंत्र प्रकरणे नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : म्युझिक व्हिडिओ, दृश्यसंकेत, प्रेक्षक, वऱ्हाडी, भीमगीत, भुलाबाई, माध्यमप्रकल्प

प्रस्तावना :
१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि गाणे ऐकण्यासोबतच पाहण्याचीही वस्तू झाली, असे माध्यमांच्या इतिहासात सामान्यतः सांगितले जाते. भारतात १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांच्या आगमनाने हा प्रकार घरोघरी पोहोचला. १९९५ मधील अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने चित्रपटाबाहेरच्या हिंदी गीतालाही स्वतःचे दृश्यरूप असू शकते, हे सिद्ध केले. मराठीत १९९८ चा ‘गारवा’ हा मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा संग्रह, पुढे १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेली अल्फा मराठी वाहिनी आणि त्यानंतर आलेल्या मराठी संगीतवाहिन्या यांनी हा प्रवाह पुढे नेला. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हिडिओ पाहणारा तरुण व्हिडिओ तयार करणाराही झाला.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांत शिकणारा विद्यार्थी या बदलाचा साक्षीदार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला स्थान मिळाल्यामुळे त्याला आपल्या परिसरातील माध्यमव्यवहार अभ्यासण्याची संधीही लाभली आहे. परंतु हा विद्यार्थी अभ्यासाला बसतो तेव्हा त्याच्या हाती येणारी साधने दूरच्या भूमीतील असतात. त्या साधनांनी त्याला आपल्या गावातील गाणे दिसते की दिसेनासे होते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे :
१) म्युझिक व्हिडिओच्या संकेतांची प्रचलित यादी कोठून आली व तिचा मूळ हेतू काय होता, हे पाहणे.
२) एकाच दृश्यसंकेताचा अर्थ भिन्न प्रेक्षकांसाठी कसा बदलतो, हे उदाहरणाने स्पष्ट करणे.
३) वऱ्हाडातील गीतव्यवहारात ‘प्रेक्षक’ या संज्ञेची व्याप्ती तपासणे.
४) विद्यार्थी प्रकल्पासाठी पर्यायी अभ्यासदिशा सुचविणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत लेखनासाठी विश्लेषणात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. चित्रपटगीत आणि स्वतंत्र म्युझिक व्हिडिओ हे काटेकोरपणे दोन भिन्न प्रकार आहेत. तथापि मोबाइलच्या पडद्यावर प्रेक्षक हा भेद करीत नाही, म्हणून आवश्यक तेथे चित्रपटगीतांचाही विचार केला आहे.

विषय विवेचन :

१. संकेतांची यादी आणि तिचा विसरलेला उगम
म्युझिक व्हिडिओच्या अभ्यासात अँड्र्यू गुडविन यांच्या १९९२ मधील ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. शब्द आणि दृश्य यांचे नाते तीन प्रकारचे असू शकते, असे त्यांनी मांडले : दृश्य शब्दांचे चित्रण करते, शब्दांच्या अर्थात भर घालते किंवा शब्दांपासून फारकत घेते. या विवेचनाच्या आधारे अध्यापनाच्या सोयीसाठी सहा मुद्द्यांची एक यादी रूढ झाली. शब्द-दृश्य संबंध, संगीत-दृश्य संबंध, गीतप्रकाराची वैशिष्ट्ये, गायकाचे समीपदृश्य व प्रतिमा, पाहण्याच्या क्रियेचे चित्रण आणि इतर कलाकृतींचे संदर्भ, असे ते सहा मुद्दे होत. इंग्लंडमधील शालेय माध्यम अभ्यासक्रमात ही यादी स्थिरावली आणि तेथून ती इतरत्रही पोहोचली.

यादी उपयुक्त आहे, यात शंका नाही. तिच्यामुळे ‘व्हिडिओ छान आहे’ या अभिप्रायापलीकडे जाण्याची सवय विद्यार्थ्याला लागते. परंतु गुडविन यांचा मूळ आग्रह वेगळा होता. ई. अ‍ॅन कॅप्लन यांच्या १९८७ मधील ग्रंथासारख्या लेखनात संगीतवाहिनीचा विचार प्रामुख्याने चित्रपटसिद्धान्ताच्या अंगाने झाला होता. म्युझिक व्हिडिओ समजून घेताना आधी संगीत ऐकले पाहिजे, ते कोण कसे ऐकतो हे पाहिले पाहिजे, असा गुडविन यांचा त्यावर आक्षेप होता. यादी करताना हा आक्षेप गळून पडला आणि सहा चौकटी तेवढ्या उरल्या. त्यामुळे प्रकल्पात ‘हा संकेत आढळतो’ अशा नोंदी होतात. तो येथे कोणासाठी आणि का आढळतो, हा प्रश्न विचारला जात नाही.

२. पाऊस : एक संकेत, तीन अर्थ
वरील मुद्दा स्पष्ट होण्यासाठी पाऊस या सर्वपरिचित दृश्यसंकेताचा विचार करता येईल. गाण्यातील पाऊस म्हणजे प्रणय, हा संकेत हिंदी चित्रपटाने दृढ केला. ‘गारवा’ने तो मराठी मध्यमवर्गीय तरुणाईच्या भावविश्वात आणला. कवितेचे वाचन आणि गायन यांची सांगड घालणाऱ्या या संग्रहातील पाऊस खिडकीतून पाहिलेला, आठवण जागवणारा आहे. तो भिजवतो, पण कोणाचे काही बुडवत नाही. शहरी श्रोत्याच्या आयुष्यात पावसाचे जे स्थान आहे, त्याच्याशी हा संकेत सुसंगत आहे.

याउलट ‘अरे संसार संसार’ या १९८१ च्या चित्रपटातील, अकोल्याचे कवी प्रा. विठ्ठल वाघ यांनी लिहिलेले तिफणीचे गीत पाहावे. अनिल-अरुण यांच्या संगीताने महाराष्ट्रभर गेलेल्या या वऱ्हाडी गीतात वीज नाचते आणि ढग वाद्य वाजवतात, अशी कल्पना आहे. नर्तकी, वादक आणि रंगमंच हे सारे कवीने आकाशातच उभे केले आहे. येथे आनंद आहे, परंतु तो पेरणीचा आहे. पाऊस ही कामाची सुरुवात आहे. काळी माती, तिफण, बैल आणि मागे चालणारी बाई हे या गीतातील दृश्यघटक ‘ग्रामीण पार्श्वभूमी’ या एका शब्दात गुंडाळता येत नाहीत. कारण ते पार्श्वभूमीला नसून गीताच्या केंद्रस्थानी आहेत.

तिसरा पाऊस २००९ मधील सतीश मनवर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ या चित्रपटाचा आहे. विदर्भातील शेतकऱ्याच्या घरात आत्महत्येची धास्ती कशी वावरते, हे दाखविणाऱ्या या चित्रपटाच्या शीर्षकातच पावसाला शिवी आहे. मृग कोरडा गेल्यावर दुबार पेरणीला सामोरे जाणाऱ्या कापूस-सोयाबीन उत्पादकाला पावसाचे दृश्य प्रणयाच्या आधी कर्जाची आठवण करून देऊ शकते.

आता वरील यादी हाती घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने ‘पाऊस : प्रणयाचा संकेत’ अशी नोंद केली, तर ती चुकीची म्हणता येणार नाही, मात्र ती अपुरी आहे. तो विद्यार्थी अकोट, दर्यापूर किंवा मूर्तिजापूर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातून आलेला असेल, तर त्याच्या स्वतःच्या घरात या नोंदीला छेद देणारा पुरावा उपलब्ध असतो. प्रकल्पाची पद्धत त्याला तो पुरावा मांडू देत नाही. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट ज्ञान नव्हे, असा समज यातून दृढ होतो. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नसले, तरी ते खरे आहे.

३. साध्या चौकटीचे सामर्थ्य
यादीच्या कसोटीवर न उतरणारे व्हिडिओ लोकप्रिय होतात, तेव्हा त्या यादीची मर्यादा अधिक ठळक होते. कडूबाई खरात यांनी एकतारीवर गायलेली भीमगीते मोबाइलवरील साध्या चित्रणांतून महाराष्ट्रभर पोहोचली. अशा चित्रणात कॅमेरा बहुधा स्थिर असतो. वेशभूषाकार, नृत्य, कथानक किंवा झगमगती प्रकाशयोजना यांपैकी काहीही नसते. एक स्त्री, एक तार आणि समोर धरलेला मोबाइल एवढ्यावर ते उभे असते. सहा मुद्द्यांच्या तक्त्यात यातील बहुतेक रकाने रिकामे राहतील आणि ‘निर्मितिमूल्य कमी’ असा शेरा पडेल.

वास्तविक येथे संकेतांचा अभाव नसून निराळ्या परंपरेचे संकेत आहेत. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी घडविलेल्या आंबेडकरी जलशाच्या व भीमगीतांच्या परंपरेत गायकाचे खरेपण हेच मोठे मूल्य असते. स्थिर चौकट हे खरेपण सांगते. कष्टाच्या खुणा असलेला चेहरा, घरातील भिंत आणि न थांबता गायलेले गीत यांतून गाणाऱ्या व्यक्तीने हे जगले आहे, असा विश्वास निर्माण होतो. येथेही समीपदृश्य आहे, परंतु ते तारांकित प्रतिमा विकण्यासाठी योजलेले नाही. ऐकणाऱ्याला आपल्याच घरातील बाईचा चेहरा त्यात दिसतो.

अमरावती जिल्ह्याला अशा साधेपणाची दुसरीही परंपरा लाभली आहे. गाडगे बाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन यांत साधने अल्प होती आणि समोरच्या जनसमुदायाशी थेट संवाद होता. गाडगे बाबा प्रश्न विचारीत आणि श्रोते उत्तर देत. श्रोत्याच्या सहभागाशिवाय तो प्रयोग पूर्णच होत नसे. मोबाइलकडे थेट पाहून, प्रेक्षकाला उद्देशून गाणाऱ्या आजच्या स्थानिक गायकाचा अभ्यास करताना परदेशी पॉप गायकाशी तुलना करण्यापूर्वी या परंपरेशी तुलना करणे अधिक फलदायी ठरेल.

४. प्रेक्षक : पाहणारा की नाचणारा ?
प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात प्रेक्षकांचे वय, लिंग व आवड यांची विभागणी केली जाते. स्ट्युअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली स्वीकार, तडजोड आणि विरोध ही अर्थग्रहणाची तीन स्थाने अनेकदा उद्धृत होतात. ही मांडणी मोलाची आहे. मात्र तिचा प्रेक्षक संदेशासमोर बसून अर्थ लावणारा आहे. वऱ्हाडात गाण्याचा प्रेक्षक पुष्कळदा बसलेला नसतो.

नागराज मंजुळे यांच्या २०१६ मधील ‘सैराट’चे ‘झिंगाट’ हे गीत याचे उत्तम उदाहरण होय. जातीच्या अहंकारातून होणाऱ्या हत्येने संपणाऱ्या चित्रपटातील हे गीत लग्नाच्या वरातीतील डीजेवर वाजते, तेव्हा कथानक गळून पडते आणि ठेका उरतो. ज्या समाजव्यवस्थेवर चित्रपट बोट ठेवतो, त्याच व्यवस्थेत जुळलेल्या सजातीय विवाहाच्या वरातीत त्यावर नाचले जाते. याला संदेशाचा स्वीकार म्हणावे की विरोध? नाचणारा तरुण गीताचा अर्थ लावण्यापेक्षा त्याचा वापर करीत असतो. वऱ्हाड या शब्दाचा एक अर्थ प्रदेश आणि दुसरा लग्नाची मंडळी असा आहे. येथील गीतव्यवहार समजून घेताना दोन्ही अर्थ ध्यानात ठेवावे लागतात.

अकोल्यात श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला जलाभिषेक केला जातो. १४ एप्रिलला दोन्ही शहरांत भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात. अशा प्रसंगी गाणे रस्त्यावर असते, दृश्य मिरवणुकीचे असते आणि सहभागी व्यक्ती स्वतःच्या मोबाइलवर त्याचे चित्रण करीत असते. ते चित्रण रात्रीपर्यंत अनेकांच्या स्टेटसवर पोहोचते. त्यात प्रेक्षक, कलावंत आणि निर्माता या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आलेल्या असतात.

ही गोष्ट पूर्णतः नवी आहे, असेही नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या उत्सवात मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखतात. तेथे गाणारी आणि ऐकणारी असा भेद नसतो. भुलाबाईची गाणी म्हणत वाढलेली मुलगी आज रीलवर अभिनय करते, तेव्हा तिच्या कृतीला केवळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणणे घाईचे होईल. मात्र एक फरक नोंदविलाच पाहिजे. भुलाबाईचे अंगण ओळखीचे होते. रीलचे अंगण अनोळखी आहे.

५. प्रश्नावली आणि आकडे यांची मर्यादा
प्रेक्षक-अभ्यासासाठी विद्यार्थी सामान्यतः गुगल फॉर्म तयार करून वर्गमित्रांच्या समूहावर पाठवितो. उत्तरे देणारे समवयस्क, समशिक्षित आणि स्वतःचा मोबाइल असलेले असतात. त्यातून आलेल्या टक्केवारीला ‘अमरावती शहरातील प्रेक्षकांची आवड’ असे नाव दिले जाते. आईच्या मोबाइलवर गाणी पाहणारी मुलगी, शेतात ब्लूटूथ स्पीकरवर गाणे ऐकणारा मजूर किंवा मेळघाटातील कोरकू भाषक तरुण या आकड्यांत येतच नाही.

यूट्यूबवरील दर्शकसंख्येचेही तसेच आहे. एकाच व्यक्तीने अनेकदा पाहिलेले गीत त्या संख्येत पुनःपुन्हा मोजले जाऊ शकते, तर एका मोबाइलभोवती बसलेले पाच जण मिळून एकच दर्शन ठरते. स्वस्त इंटरनेट येण्यापूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डमध्ये गाणी भरून दिली जात. कोणते गाणे कोणाच्या कार्डात गेले, याची कोठेही नोंद नाही. तरीही वऱ्हाडी, बंजारा आणि आंबेडकरी गीतांच्या प्रसाराचा एक महत्त्वाचा अध्याय त्याच काउंटरवर घडला. त्या दुकानदारांच्या मुलाखती हा विद्यार्थी प्रकल्पासाठी उत्तम व अद्याप आवाक्यात असलेला विषय आहे.

६. पर्यायी आराखडा
वरील विवेचनाच्या आधारे प्रकल्पासाठी पुढील दिशा सुचविता येते. प्रथम, विद्यार्थ्याने मोजकेच, पाच-सहा व्हिडिओ निवडावेत. त्यांतील किमान दोन स्वतःच्या परिसरातील वा बोलीतील असावेत. प्रत्येक गीत आधी दृश्याशिवाय ऐकावे, मग आवाज बंद करून पाहावे आणि शेवटी दोन्ही एकत्र अनुभवावे. दृश्यखंड मोजावेत. तीन मिनिटांत नव्वद दृश्यखंड असतील, तर सरासरी दोन सेकंदांचा एक खंड होतो. हा वेग ठेक्याशी जुळतो की नाही, ते तपासावे.

दुसरे असे की, प्रेक्षक शोधताना व्यक्तीऐवजी स्थळापासून आरंभ करावा. घर, वसतिगृह, ऑटोरिक्षा, वरात आणि मिरवणूक येथे तेच गीत कसे वापरले जाते, याचे निरीक्षण करावे. एकच व्हिडिओ आजी, आई आणि मैत्रीण यांना दाखवून त्या कोठे हसल्या, कोठे गप्प झाल्या आणि कोणत्या शब्दांत बोलल्या, हे त्यांच्याच बोलीत टिपावे. वऱ्हाडीत दिलेले उत्तर प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नये. बोली केवळ विनोदासाठीच वापरण्याची प्रथा अनेक व्हिडिओंत दिसते. संशोधनाच्या वहीतही तिला गंभीर स्थान मिळाले नाही, तर ते कोठे मिळणार?

तिसरी बाब नैतिकतेची आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये चित्रपटातील पुरुषी नजरेचे विश्लेषण केले. विद्यार्थी ते उद्धृत करतो, परंतु स्वतःच्या हातातील कॅमेऱ्याला लावून पाहत नाही. वरातीत नाचणाऱ्या मुलीचे चित्रण तिच्या परवानगीविना प्रकल्पात किंवा यूट्यूबवर गेले, तर त्याचे परिणाम तिला गावात भोगावे लागतात. लेखी संमती, चित्रण दाखवून घेतलेली मान्यता आणि मागणी होताच ते काढून टाकण्याची तयारी या गोष्टी परिशिष्टात न ढकलता मूल्यमापनाचा भाग असाव्यात.

निष्कर्ष :
१) म्युझिक व्हिडिओच्या संकेतांची प्रचलित यादी प्रश्न विचारण्याचा प्रारंभ म्हणून उपयुक्त आहे, उत्तरांचा साचा म्हणून ती अपुरी ठरते.
२) दृश्यसंकेताचा अर्थ प्रेक्षकाच्या जगण्यातून ठरतो. पावसाच्या तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.
३) तांत्रिक साधेपणा हा संकेतांचा अभाव नसून भीमगीत, कीर्तन व भजन या परंपरांशी जोडलेला संकेत असू शकतो.
४) वऱ्हाडातील प्रेक्षक अनेक प्रसंगी सहभागी कलावंत असतो, त्यामुळे केवळ प्रश्नावली व दर्शकसंख्या यांवरून त्याचा शोध लागत नाही.
५) स्त्रियांच्या चित्रणाबाबत संमतीचे भान हा विद्यार्थी माध्यमप्रकल्पाचा अविभाज्य भाग असणे आवश्यक आहे.

समारोप :
सिद्धान्त परका आहे म्हणून तो नाकारावा, असे येथे सुचवायचे नाही. गुडविन, हॉल किंवा मल्व्ही यांनी आपापल्या समाजातील पडद्याकडे बारकाईने पाहिले आणि त्यातून प्रश्न निर्माण केले. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून घ्यावयाची गोष्ट म्हणजे ते बारकाईने पाहणे होय. त्याच्या गावातील वरातीचे गाणे, आईच्या तोंडची भुलाबाई आणि शेजारच्या वस्तीतील एकतारी हे सारे अभ्यासाचे विषय आहेत, एवढा विश्वास प्रकल्पाने त्याला दिला, तरी माध्यमशिक्षणाचा मोठा हेतू सफल झाला, असे म्हणता येईल.